गहाळ झालेले दोन पॉइंट चार

श्रीधरराव लाडांनी बनशंकरीच्या मराठी बंधु-भगिनी मंडळाला लिहिलेल्या पत्रात एकच चूक होती, पण ती दुप्पट होती.

एरवी पत्र निर्दोष होतं. त्यावर जावक क्रमांक होता. (श्रीधरराव घरून जाणाऱ्या प्रत्येक पत्राला जावक क्रमांक घालतात. मेव्हण्याच्या मुलाच्या मुंजीला येता येत नाही, हे कळवणाऱ्या पत्रावरही तो होता आणि मेव्हण्याने उत्तरात त्याचा संदर्भ न दिल्याचं त्यांना आजही वाईट वाटतं.) विषय होता, संदर्भ होता, आणि खाली मजकूर असा: 'चिटणीस श्री. अभिजीत यांच्या लॅपटॉपचा वेग २.१ असून अधोस्वाक्षरीकाराच्या घरगुती संगणकाचा वेग ४.८ आहे. सबब, वेगाच्या कारणास्तव कुटुंबसूची अन्यत्र हलवण्याचे प्रयोजन दिसत नाही.'

कुटुंबसूची म्हणजे बेंगळुरूतल्या सहाशे बारा मराठी घरांची यादी. घरात माणसं किती, कोण कुठे नोकरीला, कुणाचं लग्न व्हायचंय, त्याचं नक्षत्र काय, गोत्र काय, ही सगळी माहिती तिच्यात असते आणि ती दर पाडव्याला छापून निघते. गेली चौदा वर्षं ती श्रीधररावांच्या हॉलमधल्या संगणकावर राहत होती. माघ लागला की श्रीधरराव एकेका घराला फोन करायचे, आणि फाल्गुनात लोक त्यांना करायचे: 'अण्णा, नातू झाला, घाला की यादीत.' निवृत्तीनंतर श्रीधररावांचा फोन वाजायचा तो एवढ्या एकाच कारणाने. बाकीचे फोन कर्ज हवंय का विचारणाऱ्या मुलींचे असत, आणि त्यांच्याशी ते फार वेळ बोलतात अशी त्यांच्या पत्नी शारदाबाईंची तक्रार होती.

अभिजीत पुण्याहून आलेला. इंदिरानगरातल्या एका आयटी कंपनीत होता, म्हणजे त्या कंपनीत माणसं भरायच्या खात्यात होता. पण मंडळात तो आयटीतला समजला जाई. सूचीची प्रत घ्यायला तो एका शनिवारी आला. श्रीधररावांनी बटण दाबलं आणि सवयीने स्टॉपवॉच सुरू केलं. संगणक वापरण्याजोगा होईतो सहा मिनिटं चाळीस सेकंद झाली. तेवढ्यात अभिजीतची कॉफी संपली, दुसरी आली, तीही संपली.

"काका, डोन्ट माइंड, पण हे मशीन फारच स्लो आहे," तो म्हणाला. "ड्युअल कोअर आहे का? तरीच. आपण लिस्ट क्लाउडवर टाकून देऊ ना. तुम्हालाही त्रास नको."

आता श्रीधररावांना 'हळू' हा शब्द नवीन नव्हता. बोम्मसंद्र्याच्या एका कारखान्यात एकतीस वर्षं ते तो दुसऱ्यांना लावत आले होते. कामगाराच्या मागे स्टॉपवॉच घेऊन उभं राहायचं आणि एका नगाला किती मिनिटं लागायला हवीत ते ठरवायचं, हेच त्यांचं खातं. या नोकरीत माणसाला मित्र मिळत नाहीत, पण आकडा चुकवायचा नाही एवढं वळण लागतं. तो शब्द आज त्यांच्याच घरात, त्यांचीच कॉफी पिऊन, त्यांनाच लावला गेला.

"तुमच्या लॅपटॉपचा वेग किती?" त्यांनी विचारलं.

"क्लॉक स्पीड? टू पॉइंट वन असेल काहीतरी."

अभिजीत गेल्यावर श्रीधररावांनी खरेदीची फाइल काढली. २०११ सालच्या बिलावर स्पष्ट लिहिलं होतं: ड्युअल कोअर, २.४ गिगाहर्ट्झ. ड्युअल म्हणजे दोन. दोघे प्रत्येकी २.४ने काम करतात. त्यांनी कॅल्क्युलेटरवर पडताळून पाहिलं आणि पत्र लिहायला घेतलं.

मंडळाचे अध्यक्ष खंडोजी मानेंचं चिकपेटेत बटणं आणि अस्तरांचं दुकान. त्यांना गिगाहर्ट्झ म्हणजे काय हे माहीत नव्हतं, पण २.१पेक्षा ४.८ मोठं हे चाळीस वर्षं धंदा केलेल्या माणसाला सांगावं लागत नाही. "जुन्या घरात जुनं सोनं असतंय बघा," असं म्हणत त्यांनी तो आकडा वार्षिक सभेच्या सूचनेत छापून टाकला. विषय क्रमांक चार: कुटुंबसूची ४.८ वेगाच्या संगणकावर ठेवावी किंवा कसे. सभा रविवारी होती.

इथे थांबले असते तर श्रीधरराव सुखी झाले असते. पण आकड्याला पुरावा न जोडता राहणं त्यांच्या रक्तात नव्हतं. पत्राला मागाहून का होईना, काहीतरी जोडायला हवं, म्हणून बुधवारी सकाळी त्यांनी वरच्या मजल्यावरच्या हेमावती अक्कांना बोलावलं. हेमावती अक्का मूळच्या कन्नड, बँकेतून निवृत्त झालेल्या, सध्या अपार्टमेंटच्या असोसिएशनच्या सेक्रेटरी. बँकेत संगणक आले तेव्हा सगळ्यात आधी त्यांना प्रशिक्षणाला पाठवलं होतं, हे त्यांनी कुणाला विसरू दिलं नव्हतं.

"स्वल्प थांबा अण्णा," म्हणत त्यांनी तीन बटणं एकदम दाबली आणि एक खिडकी उघडली. तिच्यात आलेख होता, आणि आलेखाखाली वेग लिहिला होता. १.२.

श्रीधररावांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं, तरी १.२च.

"बंद करून, दहा अंक मोजून परत लावा," हेमावती अक्का म्हणाल्या. "आमच्या ब्रँचमध्ये सगळं त्यानेच सरी होत होतं, एकदम ठीक."

दहा अंक मोजले. सहा मिनिटं चाळीस सेकंदांनी पुन्हा १.२ आले. श्रीधररावांचा चेहरा उतरला. चार पॉइंट आठाचा हा बरोब्बर चौथा हिस्सा. म्हणजे दोघांतला एक कोअर झोपला होता, आणि जो जागा होता तोही अर्धंच काम करत होता. एकतीस वर्षांत ही अवस्था त्यांनी फक्त रात्रपाळीत पाहिली होती.

बातमी जिन्याने खाली उतरली. तळमजल्यावरच्यांचं म्हणणं पडलं, की संगणकाचं तोंड दक्षिणेला आहे. दुसऱ्या मजल्यावरच्या, मंडळातल्याच एका गृहस्थांनी तो उघडून आत केस वाळवायच्या यंत्राने वारा घालायला सांगितलं. शारदाबाईंनी फक्त संगणकावरचा क्रोशाचा रुमाल काढून धुवायला टाकला, आणि ती टीका आहे हे श्रीधररावांना कळलं.

मग संगणक जुन्या चादरीत बांधून ते संगणकांच्या दुकानांच्या एस. पी. रोडला निघाले. फाटकावर वॉचमनने अडवलं. बाहेर जाणाऱ्या वस्तूला गेट पास लागतो. हा नियम योग्यच होता, श्रीधररावांनी स्वतः असोसिएशनला तो सुचवला होता, जावक क्रमांक एक्क्याऐंशी. पण वॉचमनच्या मोबाइलमध्ये वस्तूंचे दोनच प्रकार होते: फर्निचर आणि ई-कचरा.

"फर्निचर लिही," श्रीधरराव म्हणाले.

वॉचमनने चादरीचं एक टोक उचलून आत पाहिलं. त्याला बरंच काही कळलेलं दिसलं. त्याने ई-कचऱ्यावर बोट ठेवलं.

गाठोड्यात मिक्सर आहे का, असं रिक्षावाल्याने त्याच्या भाषेत विचारलं, "मिक्सीना, सार?" श्रीधररावांनी चादरीची गाठ आणखी आवळली. पार जयनगर येईपर्यंत आवळत राहिले.

एस. पी. रोडवर देवाप्पाचं दुकान होतं, जिना चढून डावीकडे. देवाप्पा निपाणीचा, पन्नाशीचा. संगणक त्यानेच विकला होता. त्याने चादर सोडली आणि ओळखीचं माणूस भेटल्यासारखा हसला.

"अजून चालतोय होय ओ हा? भले!"

"चालतोय हा प्रश्न नाही," श्रीधरराव म्हणाले. "बिलाप्रमाणे चार पॉइंट आठ यायला पाहिजेत. येतायत एक पॉइंट दोन. उरलेले कुठे गेले?"

देवाप्पाने बिल वाचलं, मग श्रीधररावांकडे पाहिलं. "सर, चार पॉइंट आठ कुठनं काढलासा?"

"दोन कोअर. प्रत्येकी दोन पॉइंट चार."

"तसं नसतंय ओ. दोन माणसं कामाला असली तरी चाल तीच की. दोन पॉइंट चार म्हंजे दोन पॉइंट चारच. एक पॉइंट दोन दाखवतंय ते हातात काम न्हाई म्हणून. काम नसलं की दमानं चालतंय, काम पडलं की चढतंय. बघा." त्याने एक जड फाइल उघडली. आकडा १.२वरून २.४वर गेला, तिथे थांबला, आणि कितीही वाट पाहिली तरी पुढे सरकेना.

"तुम्ही हे मोजलंय?" श्रीधररावांनी विचारलं.

"काय?"

"की दोन माणसांनी वेग दुप्पट होत नाही, हे."

"मोजायचं काय त्यात ओ? दिसतंयच की."

दिसतंयच की, या शब्दांवर श्रीधररावांनी आयुष्यात एकही अहवाल स्वीकारला नव्हता. त्यांनी चादरीची गाठ मारली आणि ते परत निघाले.

फाटकावर तोच वॉचमन होता. त्याने मोबाइल पाहिला आणि नम्रपणे सांगितलं, की बाहेर गेलेला ई-कचरा परत आत आणता येत नाही. हा नियम मात्र श्रीधररावांचा नव्हता. ते संगणक पायाशी ठेवून अर्धा तास फाटकाबाहेर उभे राहिले, आणि त्या अर्ध्या तासात तळमजला, दुसरा मजला आणि इस्त्रीवाला असे सगळे भेटून 'काही आशा आहे का' असं विचारून गेले. शेवटी हेमावती अक्का खाली आल्या. सेक्रेटरी असल्या तरी नियम त्यांनाही मोडता येत नव्हता. त्यांनी पाहुण्यांच्या नोंदीत जाऊन एक पाहुणा घातला: श्री. पी. सी. लाड, मुक्काम कायमचा. मग संगणक सन्मानाने वर गेला.

शनिवारी शारदाबाईंनी पुरण शिजवलं. सभेनंतर जेवण होतं आणि चाळीस पोळ्या लाडांकडे होत्या. श्रीधरराव स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. शारदाबाईंनी मान वर न करता विचारलं, "हातात काय आहे?"

"काही नाही."

"टिकटिकतंय."

पहिल्या दहा पोळ्या शारदाबाईंनी एकटीने केल्या. एक तव्यावर असताना दुसरी लाटायची, मधेच उलटायला धावायचं. चौदा मिनिटं दहा सेकंद. तेवढ्यात हेमावती अक्का मदतीला आल्या. एकीने लाटायची, दुसरीने भाजायची. श्रीधररावांनी घड्याळ शून्यावर आणलं आणि मनातल्या मनात सात मिनिटं पाच सेकंद असा आकडा लिहून ठेवला. इथे देवाप्पाचा निकाल लागणार होता.

अकरा मिनिटं चाळीस सेकंद झाली.

"गप्पा मारल्यात तुम्ही," ते म्हणाले.

"गप्पा तोंडाने मारतो, अण्णा. लाटणं हातात असतंय," हेमावती अक्का म्हणाल्या.

"आणि लाटून झालेली पोळी दर वेळी ताटात थांबून राहिली. का?"

"तवा रिकामा नव्हता म्हणून," शारदाबाई म्हणाल्या. "पोळी तव्यावर जेवढा वेळ घ्यायची तेवढा घेते. मी एकटी असले तरी तेवढाच, आणि माझ्या माहेरची दहा माणसं आणून उभी केली तरी तेवढाच. माणसं वाढली की पोळ्या वाढतात. पोळी काही लवकर भाजत नाही. हे कळायला घड्याळ कशाला लागतं?"

श्रीधरराव स्टुलावर बसले.

कारण हे त्यांना माहीत होतं. नुसतं माहीत नव्हतं, ते त्यांनीच लिहिलं होतं. १९९४ साली नव्या मॅनेजरने एका ग्राइंडिंग मशीनवर दोन कामगार उभे केले आणि दुप्पट नग मागितले. श्रीधररावांनी तीन दिवस मागे उभं राहून अहवाल दिला होता: माणसं दोन, यंत्र एक, दुप्पट होणार नाही. मॅनेजरने आकडा बदलायला सांगितला. श्रीधररावांनी बदलला नाही, आणि त्यांची बढती चार वर्षं लांबली. त्या अहवालाची प्रत अजून कपाटात होती. शारदाबाईंच्या लग्नाच्या शालूच्या खालच्याच कप्प्यात.

"चूक झाली," ते म्हणाले. "मी सभेला चुकीचा आकडा कळवलाय."

शारदाबाईंनी पोळी उलटली. "कुणाला कळलंय?"

"मला कळलंय."

"मग तुम्हाला कळलंय तेवढं पुरे. उद्या तिथे काही बोलू नका. ती सूची गेली की तुम्ही दिवसभर माझ्या मागे हे टिकटिकं घेऊन उभे राहाल. तुमच्या सहाशे बारा घरांचा नाही, या एका घराचा विचार करा."

हा मुद्दा बिनतोड होता, आणि रविवारी सकाळी मंडळाच्या हॉलमधल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून श्रीधरराव त्याचाच विचार करत होते. विषय क्रमांक एक ते तीन झाले. चौथा आला. अभिजीत उभा राहिला.

"मला वाटतं मी प्रपोजल विथड्रॉ करतो," तो म्हणाला. "मी ऑफिसमध्ये विचारलं. फोर पॉइंट एट म्हणजे एकदम टॉप क्लास मशीन म्हणे. काकांचं मशीन स्टार्ट व्हायला लागतात ती सहा मिनिटं वॉर्म-अपची असतील. सॉरी काका, खरंच."

टाळ्या झाल्या. खंडोजींनी ठराव वाचला: ४.८ इतका वेग राखून असलेल्या संगणकाबद्दल श्री. लाड यांचं अभिनंदन करून सूची त्यांच्याकडेच ठेवण्यात येत आहे. हात वर झाले. शारदाबाईंनी पलीकडच्या रांगेतून नवऱ्याकडे पाहिलं. ती नजर सदतीस वर्षांच्या संसाराची होती आणि तिचा अर्थ 'बसा' असा होता.

श्रीधरराव उभे राहिले.

"दुरुस्ती आहे," ते म्हणाले. "ठरावात चार पॉइंट आठ आहे, तिथे दोन पॉइंट चार वाचावं. पत्रातला आकडा माझ्या चुकीने गेला. सूची कुठे ठेवायची ते सभेने या आकड्यावर ठरवावं."

वर झालेले हात हळूहळू खाली आले.

"अरेरे," मागून कोणीतरी म्हणालं.

"कधीपासून कमी झालंय?" खंडोजींनी विचारलं. पेशंटच्या घरच्यांना विचारावं तसं विचारलं.

"कमी झालेलं नाही. पहिल्यापासून तेवढंच होतं."

"अण्णा, सूचनेत आम्ही चार पॉइंट आठ छापलंय. छापलेलं खोटं कसं असंल?"

"दोन कोअर म्हणजे वेग दुप्पट नव्हे. समजा, पोळ्या करायला दोन बायका बसल्या आणि तवा एकच आहे..."

"दोन बायका कशाला?" पुढच्या रांगेतून एक आजी म्हणाल्या. "मी एकटी करते की पन्नास." त्यांच्या शेजारच्या बाईंनी तव्याला तूप किती लावता म्हणून विचारलं, आणि विषय चार मिनिटं पुरणात राहिला. अभिजीत मधेच हळू आवाजात म्हणाला, "काका, इट्स ओके, मशीन जुनी झाली की होतं असं."

इतक्यात दुसऱ्या मजल्यावरचे गृहस्थ उठले. त्यांनी सभेपुढे एकच वस्तुस्थिती ठेवली. पत्र लिहिलं तेव्हा संगणक ४.८ होता. बुधवारी तो एस. पी. रोडला गेला. आज तो २.४ आहे.

हॉलभर एक सुस्कारा फिरला. त्यानंतर श्रीधररावांचं कुणी ऐकलं नाही. ज्याच्या त्याच्याजवळ एक गोष्ट होती: कुणाचा दुरुस्तीला दिलेला मिक्सर परत आला तो दुसऱ्याचा, कुणाच्या घड्याळातला खडा गेला, कुणाच्या स्कूटरचं नवं टायर. 'देवाप्पाने काही काढलं नाही,' असं श्रीधरराव तीनदा म्हणाले, आणि दर वेळी लोकांना ते जास्तच सज्जन वाटू लागले. शेवटी ठराव बहुमताने पास झाला. गहाळ झालेल्या २.४चा शोध घेण्यासाठी खंडोजी, अभिजीत आणि दुसऱ्या मजल्यावरचे गृहस्थ अशी तीन जणांची उपसमिती. अहवाल येईपर्यंत संगणक जागचा हलवू नये आणि सूचीला हात लावू नये.

विरोधात एकच मत पडलं, श्रीधररावांचं. शारदाबाईंनी ठरावाच्या बाजूने दोन्ही हात वर केले होते, त्यातला एक धरण्यात आला.

सोमवारी सकाळी साडेसातला फोन वाजला. मग वाजतच राहिला. बसवनगुडीहून, मल्लेश्वरमहून, थेट होसूरहून. "अण्णा, ऐकलं. फार वाईट झालं." "धीर सोडू नका, मिळतंय परत." प्रत्येकाला श्रीधररावांनी पोळी आणि तव्याचं उदाहरण दिलं. प्रत्येकाने ते शोकात बडबडणाऱ्या माणसाचं ऐकावं तसं ऐकून घेतलं. पण फोन ठेवण्याआधी श्रीधरराव विचारायचे, "बरं, घरात काही बदल? धाकट्याचं जमलं का? नक्षत्र मृगच ना?" दुपारपर्यंत एक्केचाळीस नोंदी सुधारल्या गेल्या. शारदाबाईंनी धुतलेला क्रोशाचा रुमाल इस्त्री करून संगणकावर परत घातला.

मंगळवारी अकराच्या सुमाराला एस. पी. रोडवरून फोन आला.

"सर, देवाप्पा बोलतोय. हितं तीन माणसं आल्यात. एकाच्या हातात वही हाय. तुमचा अर्धा कॉम्प्युटर मागाय लागल्यात. काय देऊ?"

श्रीधररावांनी डोळे मिटले. "कॉफी द्या," ते म्हणाले. "माझ्या चुकीने तुमच्यावर आळ आलाय, देवाप्पा. मी येतो, सगळं लेखी देतो."

"असू दे ओ. गिऱ्हाईक रोज कायतरी मागतंयच. अर्धा कॉम्प्युटर कुणी मागितला नव्हता एवढंच."

श्रीधररावांनी विचारलं, "तुमचं कुटुंब आमच्या सूचीत आहे का हो?"

"न्हाई बा. आमाला कोण विचारतंय? वीस वर्षं झाली बेंगळुरात येऊन."

"थांबा. घेतो. सहाशे तेरावं." श्रीधररावांनी पाहिलं, संगणक सकाळपासून बंदच होता. त्यांनी बटण दाबलं, हात खिशातल्या स्टॉपवॉचकडे गेला आणि तिथून रिकामाच परत आला. "फोन ठेवू नका, पण वेळ लागेल. सहा मिनिटं चाळीस सेकंद."

"लागू दे की ओ," देवाप्पा म्हणाला. "तवर या तिघांची कॉफी व्हतीया. थोरली पोरगी बीएस्सी झालीया, तिच्यापासनं सांगतो."